दिवसाला एक मिलिमीटर

या महिन्याच्या टपालात अकरा पत्रं आली, त्यातली चार चुंबकाबद्दलची. गादी, पट्टा, मोजे, मशीन. कुठेतरी जोरदार व्याख्यानं झालेली दिसतायत. तेव्हा गुडघे, टाचा आणि मानेच्या मणक्यांना या वेळी सुट्टी.

प्रश्न : माझे यजमान पैठणी विणतात, वय ४१. संक्रांतीच्या आदल्या दिवशी मोटारसायकलवरून येताना समोर नायलॉनचा मांजा आला. गळ्याला लागू नये म्हणून त्यांनी डावा हात वर केला आणि मनगटापाशी, करंगळीच्या बाजूला खोल कापलं. त्याच रात्री नाशिकला ऑपरेशन करून नस शिवली. आता चार महिने होत आले. करंगळी आणि शेजारचं बोट बधिर आहे, दोन्ही बोटं आकड्यासारखी वाकून राहतात. विणताना धाग्याची तिल्ली धरली की सुटते. नात्यातल्या एकांनी चुंबकीय लहरींची गादी सुचवली आहे, पंच्याऐंशी हजारांची. तीन महिन्यांत नस पूर्ववत होते म्हणतात. एका दवाखान्यात तसलंच मशीन आहे, एका वेळचे सहाशे रुपये. माग बंद आहे, पैसे उसने काढावे लागतील. काय करावं?
– एक भगिनी, येवला

उत्तर : ताई, पैसे उसने काढू नका. हे आधी सांगून टाकते, कारण उत्तर लांबणार आहे आणि तुमच्या नातेवाइकांचा फोन तोवर पुन्हा येईल.

आपल्याकडे ‘नस’ या शब्दाने फार घोळ घातलाय. रक्तवाहिनीही नस आणि मज्जातंतूही नस. पोटरीत गोळा आला तरी ‘नस चढली’. तुमच्या यजमानांची कापली गेली ती अल्नर नावाची नस. कोपर दाराच्या चौकटीवर आपटलं की करंगळीपर्यंत जी झिणझिणी जाते, ती हिचीच. करंगळी आणि निम्म्या अनामिकेचा स्पर्श हिच्याकडे आणि पंज्यातले बहुतेक लहान स्नायूही हिच्याच ताब्यात. अंगठा-तर्जनीचा स्पर्श दुसऱ्या नसेचा, तो शाबूत आहे. म्हणून तिल्ली त्यांच्या बोटांना लागते, कळते, पण चिमटीत जोर नाही, म्हणून सुटते.

तुमच्या घरातलंच उदाहरण देते. ताण्याची तार तुटली तर गाठ मारली की माग लगेच चालू होतो. नसेचं तसं नाही. सर्जन शिवतो ते तिचं आवरण. आतल्या हजारो तंतूंचा कापापासून बोटांपर्यंतचा भाग मरून जातो. बेडकाच्या जिभेच्या नसा कापून वॉलर नावाच्या शास्त्रज्ञाने हे १८५० मध्ये दाखवलं. मग तिथल्याच पेशी त्या रिकाम्या नळ्या झाडून-पुसून ठेवतात आणि वरच्या टोकाकडून नवे कोंब त्या नळ्यांतून खाली सरकत येतात. वेग साधारण दिवसाला एक मिलिमीटर. आठवड्याला बासमतीचा एक दाणा म्हणा.

आता त्यांच्या मनगटावरच्या व्रणापासून करंगळीच्या टोकापर्यंत टेप लावा. पंधरा-सोळा सेंटिमीटर भरेल. पहिले तीन-चार आठवडे झाडलोटीत आणि टाका ओलांडण्यात जातात, ते धरून किती झाले? सहा ते सात महिने. तुमचे चार होत आलेत. गादीवाला म्हणतो तीन महिन्यांत गुण येईल. तीन अधिक चार किती ते तुम्हीच बघा. गादी घेतली नाही तरी करंगळीच्या टोकाशी पहिली मुंगी त्याच सुमाराला यायची आहे.

हा हिशोब मी पुस्तकातून सांगत नाही. २००९ च्या गणपतीत सुरण चिरताना विळीचं पातं माझ्या डाव्या तर्जनीत गेलं आणि एका बाजूची बारीक नस तुटली. तोवर मी दुसऱ्यांच्या नसांवर वीसेक वर्षं काम केलेलं, आता स्वतःची मिळाली! दर रविवारी आंघोळीआधी पेन्सिलच्या रबराच्या टोकाने बोटाच्या टोकाकडून तळव्याकडे हलके ठोके देत यायचे. ज्या जागी ठोकल्यावर टोकापर्यंत मुंग्या धावत, तिथवर तंतू पोहोचले असं समजायचं. तिथे बॉलपेनने ठिपका द्यायचा, व्रणापासून अंतर मोजायचं आणि कॅलेंडरच्या मागे लिहायचं. झ्यूल टिनेल नावाच्या फ्रेंच डॉक्टरने पहिल्या महायुद्धात, १९१५ मध्ये, जखमी सैनिकांवरून ही खूण लिहून ठेवली. पहिला महिना ठिपका जागचा हलला नाही. मी घरात सगळ्यांवर खेकसत होते. मग आठवड्याला सहा, सात, एकदा नऊ मिलिमीटर. टोकाला पोहोचल्यावरही ते बोट वर्षभर ओळखीचं वाटेना. पिठात घातलं तर ओलं आहे की गार आहे, कळत नसे.

तेव्हा तुम्हीही हे करा. करंगळीच्या बाजूने बोटाकडून मनगटाकडे ठोकत या. चार महिन्यांत मुंग्यांची जागा तळव्याच्या मध्यापुढे सरकलेली दिसायला हवी. ती व्रणापाशीच अडकून असेल, तर मात्र पुढच्या महिन्याची वाट न बघता सर्जनकडे जा आणि ईएमजी-एनसीव्ही (नस आणि स्नायूंतली वीज मोजणाऱ्या) तपासणीबद्दल विचारा. बोटाला स्पर्श उशिरा आला तरी चालतं, स्नायूला वेळेचं बंधन असतं. नस वर्ष-दीड वर्षात पोहोचली नाही तर स्नायू तिला दाद देईनासा होतो. मनगटावरचा काप असल्याने अंतर थोडं आहे, ही तुमची जमेची बाजू. काखेपाशी तुटली असती तर हे पत्र वेगळं लिहावं लागलं असतं.

आता चुंबकाकडे वळते. हे सगळंच थोतांड आहे असं मी म्हणणार नाही, कारण तसं नाही. अमेरिकेतल्या केंटकी विद्यापीठाच्या बेटी सिस्केन आणि त्यांच्या स्वीडनमधल्या सहकाऱ्यांनी १९८९ मध्ये उंदरांच्या मांडीतली नस चिमट्याने चिरडली आणि ते उंदीर तारेच्या दोन वेटोळ्यांच्या मध्ये ठेवले. वेटोळ्यांतून सेकंदाला दोन वेळा बदलणारं, अगदी सौम्य चुंबकीय क्षेत्र, रोज चार तास. त्या उंदरांची नस २२ टक्के जास्त वेगाने वाढली. छान काम आहे. पण नस चिरडलेली होती, कापलेली नव्हती. चिरडल्यावर आतल्या नळ्या शाबूत राहतात, कोंबांना वाट चुकायची भीती नसते. आणि उंदराची मांडी ती केवढी! माणसाच्या कापून शिवलेल्या नसेबाबत बाहेरून लावलेल्या चुंबकीय क्षेत्राचा पुरावा तुटपुंजा आहे. गादीच्या माहितीपत्रकात उंदीर नसतो, हसणारे आजी-आजोबा असतात.

त्याहून भक्कम काम आहे ते सरळ विजेचं, आणि ते मला फार आवडतं. कॅनडात एडमंटनला टेसा गॉर्डन यांच्या प्रयोगशाळेत उंदराची नस कापून शिवली आणि लगेच, फक्त एक तास, सेकंदाला वीस वेळा असे विजेचे सौम्य ठोके दिले. अडीच सेंटिमीटर अंतर सगळ्या तंतूंनी ओलांडायला एरवी आठ ते दहा आठवडे लागत, ते तीन आठवड्यांत झालं. हे २००० सालचं. गंमत अशी की तंतूंच्या चालण्याचा वेग वाढलेला नव्हता. तोच मिलिमीटर. एरवी काय होतं, टाक्यापाशी तंतू घोटाळतात. काही आज निघतात, काही महिन्याने, एसटी स्टँडवर जत्रेची माणसं निघावीत तसे. विजेने सगळे एकदम निघाले. ठोक्याचा संदेश नसेतून उलटा वर, मणक्यातल्या मूळ पेशीपर्यंत जातो आणि ती वाढीला लागणारी द्रव्यं जास्त बनवू लागते. मधल्या वाटेत औषधाने तो संदेश अडवला, तर फायदा गायब. पुढे त्याच मंडळींनी मनगटाची नस मोकळी करण्याचं ऑपरेशन झालेल्या वीसेक माणसांवरही हे करून पाहिलं, आणि अंगठ्याच्या स्नायूंशी नसेचं नातं ठोके दिलेल्यांत जास्त चांगलं जुळलं. पण हे ऑपरेशनला लागूनच करायचं, नसेशी तार ठेवून. चार महिन्यांनी गादीवर झोपून ते होत नाही.

आणि आता माझी स्वतःची चूक सांगते. १९९० नंतरच्या काळात मी काम करत होते त्या विभागात चुंबकीय लहरींचं एक मशीन आलं. हिरवा दिवा, मंद टिकटिक, रुग्ण खूश. पाऊल लटकं पडलेल्या रुग्णांना मी ते तीन वर्षं लावलं. बऱ्याच जणांचं पाऊल उचलू लागलं. आम्ही मशीनला हार घातला, खरोखर, दसऱ्याला. पण कुणाला मशीन लावलं नाही आणि तरीही पाऊल उचललं, याची नोंद मी ठेवली नाही. रोज मिलिमीटर रुग्णाचा आणि नाव मशीनचं. आज कुणी विचारलं की त्याने फरक पडत होता का, तर माझ्याकडे दाखवायला कागद नाही.

मग पैसे कशावर घालायचे? बोटांच्या मुळाशी असलेले सांधे वाकवून धरणारा स्प्लिंट, ‘नकल बेंडर’ म्हणतात, तो नसेल तर आधी तो. आकडा पडलेली बोटं तशीच आखडली तर नस येऊनही उपयोग नाही. दिवसातून चार-पाच वेळा दुसऱ्या हाताने ती बोटं पूर्ण सरळ, पूर्ण वाकवायची. मे महिना आहे : गाडीचा सायलेन्सर, पेट्रोलची टाकी, चहाचं पातेलं यांच्यापासून करंगळीची बाजू जपा. भाजलं तरी त्यांना कळणार नाही, वासाने कळेल. रोज दिवेलागणीला तो हात उजेडात धरून नीट बघायची सवय लावा.

अंगठा आणि तर्जनीच्या मधला, हाताच्या पाठीवरचा मांसल उंचवटा सध्या खोलगट झाला असेल. तर्जनी अंगठ्याकडे ढकलायला सांगा आणि तिथे बोट ठेवून बसा. एक दिवस आत काहीतरी फुरफुरेल, मासा वळल्यासारखं. त्या दिवशी मला कळवा. आणि मुंग्या बोटात उतरल्या की डोळे मिटून जर आणि रेशीम ओळखायला द्या. आम्ही दवाखान्यात यासाठी वाळू, मखमल, पॉलिश पेपर असलं काय काय जमवून ठेवतो. तुमच्या घरात त्याहून उत्तम सामान आहे.

नायलॉनच्या मांजावर राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ मध्येच देशभर बंदी घातली. तो तुमच्या गल्लीत कोण विकतं, हे तिथल्या पोरांना माहीत असणार. मोठ्यांना का नसतं, हे मला कळत नाही.

प्रश्न : मी बारावी सायन्सला आहे. चुंबकीय क्षेत्राने नस वाढते असं वाचलं. मग फ्रिजवर लावायचं चुंबक जखमेवर बांधलं तर का चालणार नाही? ते तर खूप जोरात चिकटतं.
– एक विद्यार्थी, लातूर

उत्तर : अरे, तुझ्या प्रश्नाचं उत्तर तुझ्याच पुस्तकात आहे, फॅराडेच्या धड्यात. १८३१ मध्ये त्याने पाहिलं की चुंबकीय क्षेत्र नुसतं असून वीज वाहत नाही, ते बदलावं लागतं. फ्रिजवरचं चुंबक बसल्या जागी बसून असतं. आकडे बघ, मिलिटेस्ला हे क्षेत्र मोजायचं एकक. पृथ्वीचं क्षेत्र आपल्याकडे ०.०४ मिलिटेस्लाच्या आसपास. वर सांगितलेल्या उंदरांना दिलेलं ०.३ मिलिटेस्ला. फ्रिजच्या चुंबकाला अगदी चिकटून मोजलं तर काही मिलिटेस्ला, म्हणजे उंदरांच्या कितीतरी पट! तरी फ्रिजचं निरुपयोगी आणि उंदरांना दिलेलं कामाचं, कारण ते क्षण-क्षणाला बदलतं आणि शरीराच्या आत इवलासा विद्युतदाब तयार करतं.

बदल जोरात केला तर काय होतं, ते १९८५ मध्ये इंग्लंडात शेफील्डला अँथनी बार्कर यांनी दाखवलं. डोक्यावर वेटोळं धरलं, झटका दिला, आणि पलीकडच्या हाताचं बोट उडालं. ना सुई, ना तार. आता त्याच तंत्राने नैराश्यावर उपचार होतात. हाडांचंही तसंच. हाड दाबलं की त्यात वीज निर्माण होते हे जपानमध्ये फुकादा आणि यासुदा यांनी १९५७ मध्ये मांडलं, त्यातून न जुळणाऱ्या फ्रॅक्चरसाठी बदलत्या क्षेत्राची यंत्रं आली आणि १९७९ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने त्यांना मान्यता दिली. नसेच्या पुनर्वाढीला तशी पावती अजून नाही.

तुला आवडेल असा एक तपशील. वाढता तंतू विद्युतक्षेत्रात ठेवला तर ऋण टोकाकडे वळतो, आणि धन टोकाकडच्यांची तोंडं हळूहळू मागे सरतात. म्हणजे एकाचं भलं तर दुसऱ्याचं वाटोळं. पण मागे सरायला वेळ लागतो. अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठाच्या रिचर्ड बॉर्गन्स यांनी याचाच फायदा घेतला. दर १५ मिनिटांनी टोकं उलटायची, म्हणजे दोन्ही बाजूंचे तंतू पुढे जातात आणि मागे फिरायला कुणालाच सवड मिळत नाही. मणक्याला इजा झालेल्या कुत्र्यांवर आणि मग दहा माणसांवर हे करून पाहिलं, त्याचा अहवाल २००५ मध्ये आला. दहा माणसांवरून एवढंच कळतं की अपाय होत नाही. तुझ्या पिढीत कुणी पुढचं केलं तर बघायला मी असेन अशी आशा आहे. तोवर चुंबक फ्रिजलाच राहू दे आणि जखम डॉक्टरांना दाखव.

प्रश्न : वय ६७, मधुमेह अठरा वर्षं. तळपायांची आग होते, कधी कापसावर चालल्यासारखं वाटतं. मुलाने परदेशातून पायाला लावायचं चुंबकीय लहरींचं यंत्र पाठवलं आहे. वापरू का?
– एक वाचक, दापोली

उत्तर : काका, मुलाने पाठवलंय, तर त्याला नावं ठेवत नाही. पण नेमक्या याच त्रासावर अमेरिकेत एक रीतसर चाचणी झाली, २००९ मध्ये प्रसिद्ध झाली. सव्वादोनशे रुग्ण, काहींना खरं यंत्र, काहींना तसंच दिसणारं पण मुकं, तीन महिने. दुखणं आणि आग यांत दोन्ही गटांत फरक पडला नाही. काही जणांच्या कातडीचा तुकडा तपासला, तेव्हा खऱ्या यंत्राच्या गटात थोड्या जणांत नसेची टोकं वाढलेली दिसली. म्हणजे आत काहीतरी हललं, पायाला मात्र कळलं नाही. शास्त्रज्ञांना यात रस आहे, तुमच्या झोपेला नाही.

एक विचारते. मेटफॉर्मिनची गोळी वर्षानुवर्षं घेताय ना? तिने बी-१२ कमी होतं, शाकाहारी असाल तर आधीच कमी असण्याची शक्यता, आणि बी-१२ कमी झालं की पायांची हीच तक्रार. रक्ताची ती तपासणी यंत्राआधी करा. आगीवर वेगळ्या गोळ्या असतात, डॉक्टरांना ‘आग होते’ हे शब्द वापरून सांगा, नुसतं ‘पाय दुखतात’ म्हणू नका. साखर आटोक्यात ठेवा हे तुम्हाला रोज कुणी ना कुणी सांगतच असेल. रात्री झोपताना आरसा जमिनीवर ठेवून तळवे बघा. दापोलीत अंगणात अनवाणी फिरायची सवय असते, ती सोडा. जांभ्याचा खडा रुतला तरी कळणार नाही. गरम पाण्यात पाय घालण्याआधी काकूंना हात घालून बघायला सांगा, तुमच्या हातावर मी विश्वास ठेवणार नाही.

प्रश्न : मला पेसमेकर बसवून तीन वर्षं झाली. नातवाने वाढदिवसाला चुंबकाची गादी आणली. दोन रात्री झोपलो. छान झोप लागली. आता सून म्हणते, आधी विचारा.
– एक आजोबा, सांगली

उत्तर : आजोबा, सूनबाई बरोबर आहेत. आज रात्रीपासून त्या गादीवर नको. छातीवर जोरदार चुंबक आलं की बऱ्याच पेसमेकरची चाल बदलते. हृदयाचं न ऐकता तो ठरावीक ठोके देत बसतो. डॉक्टर तपासणीच्या वेळी मुद्दाम चुंबक ठेवून हेच करतात, पण ते समोर आलेख बघत. लहरी सोडणारं यंत्रही नको, आणि शर्टाच्या डाव्या खिशात मोबाइलही नको. दोन रात्रींत चक्कर, धडधड असं काही जाणवलं असेल तर लगेच, नाहीतर या आठवड्यात पेसमेकर तपासून घ्या आणि गादीचा उल्लेख न लाजता करा. नातवाला रागावू नका. पावती जपून ठेवली असेल तर तो परत देऊन येईल, आणि तुमची जुनी कापसाची गादी अजून माळ्यावर असेल, तर तिला जरा ऊन दाखवा.